एक अक्षर जास्त, एक अक्षर कमी



गेल्या आठवड्यात माझा निकाल लागला आणि मी नापास झाले. या वयात कसली परीक्षा, असं विचाराल. सांगते.

आमच्या सूनबाई कॉलेजात कॉमर्स शिकवतात. जुलैत त्यांनी सहज म्हटलं, "आई, तुम्ही बी.कॉम. आहात, घरी बसून जमाखर्चाचा एखादा ऑनलाइन कोर्स करून बघा ना." पोर्टलवर नाव नोंदवलं. बारा आठवड्यांचा आर्थिक लेखांकनाचा कोर्स, शिकायला एक पैसा नाही, परीक्षेला बसायचं तर हजार रुपये. दर आठवड्याला व्हिडिओ आणि त्यावर पर्याय निवडायचे प्रश्न. त्या साप्ताहिक स्वाध्यायाचे २५ गुण आणि केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेचे ७५. मला स्वाध्यायात २५ पैकी २४ मिळाले, परीक्षेत ७५ पैकी २८. परीक्षेत निदान ३० हवेत असा नियम आहे. बेरीज ५२ होते, तरी नापास.

स्वाध्यायात चोवीस मिळवणारी बाई परीक्षेत अठ्ठाविसावर कशी अडकली? ते कुणालाच कळलं नाही, मला मात्र माहीत होतं.

पहिले पाच आठवडे मी वहीत आखणी करून, प्रत्येक प्रश्न सोडवून उत्तरं भरली. दहापैकी सहा, सात, एकदा आठ. मग दसलक्षण पर्व आलं. देवळात जाणं, पूजा, दुपारचं प्रवचन, घरात दोघांचे उपवास, आणि त्यात सहाव्या आठवड्याची मुदत रात्री बारापर्यंत. दिरांची नात आमच्याकडे राहून एस.वाय.बी.कॉम. करते. ती म्हणाली, "आज्जी, एवढं डोकं कशाला लावतीस? उत्तरं ग्रुपवर आलीत." टेलिग्रामवर खरंच दहाच्या दहा उत्तरं होती. मी भरली. दहापैकी दहा! आणि पुढचे आठवडेही तेच केलं, कारण एकदा दहाची चटक लागल्यावर सात कोण घेणार? त्या दिवशी देवळात प्रवचन कशावर झालं होतं, तर उत्तम आर्जवावर. मनात एक, कृतीत एक असं नसावं, हे मी मान डोलावत ऐकून आले होते.

हे सगळं उघड लिहितेय कारण या निकालानंतर आमच्या स्वाध्याय मंडळातल्या दोघीतिघींनी लगेच म्हटलं, "बघा, हे मोबाइलवरचं शिक्षण म्हणजे सगळी थापेबाजी." ते मला मान्य नाही. थाप मी मारली, व्हिडिओनं नाही. या साधनांवर माझा राग नाही, उलट मी त्यांची बाजू घ्यायलाच बसले आहे. पण ती कशी वापरावीत यावर मला काही बोलायचं आहे, आणि नापास झाल्यावर बोललेलं बरं, पास झाले असते तर उपदेश वाटला असता.

माझ्या कॉलेजच्या काळात आमचे सर पिवळी पडलेली वही घेऊन यायचे आणि आम्ही लिहून घ्यायचो. तास बुडला की विषय बुडला. मैत्रिणीची वही मागायची तर ती परीक्षेच्या तोंडावर देईलच याचा भरवसा नाही. एक पुस्तक, तेही लायब्ररीत, त्यावर दहा जणींचे डोळे. आता एन.पी.टी.ई.एल.वर आय.आय.टी. आणि बंगळुरूच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सचे प्राध्यापक काय शिकवतात ते कुणीही बघू शकतं, आणि हे आजचं नाही, २००३ पासून चाललंय. २०१७ मध्ये सरकारनं 'स्वयम्' पोर्टल काढलं, त्यावर कॉमर्स, इतिहास, भाषा सगळं आलं. खरगपूरच्या आय.आय.टी.नं उभारलेलं राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय आहे. मुंबई आय.आय.टी.चे 'स्पोकन ट्युटोरियल' आहेत. दहा-दहा मिनिटांचे धडे, एका बाजूला धडा लावायचा आणि दुसऱ्या बाजूला स्वतः करून बघायचं. ते मराठीतही आहेत, आणि लिबरऑफिस कॅल्कमध्ये हिशोबाचा तक्ता कसा मांडायचा हे मी त्यावरच शिकले. बाकी बहुतेक सगळं इंग्रजीत आहे ही माझी मोठी तक्रार आहे. कीर्द, खतावणी, तेरीज, घसारा हे शब्द आपल्याकडे असताना गावाकडून आलेली मुलगी निव्वळ भाषेमुळे मागं राहते.

आपल्या धर्मात चार दानं सांगितली आहेत, आहार, औषध, शास्त्र आणि अभय. शास्त्रदान म्हटलं की आपण देवळात ग्रंथ छापून वाटतो, मागच्या पानावर आई-वडिलांच्या स्मरणार्थ म्हणून नाव. फार चांगलं. पण एखादा प्राध्यापक आपला आख्खा विषय रेकॉर्ड करून फुकट ठेवतो, तेही मला शास्त्रदानच वाटतं. आणि ज्ञान कुलपात ठेवल्यानं काय होतं हे आपल्याइतकं कुणाला ठाऊक आहे? धवल ग्रंथाच्या ताडपत्रांवरच्या प्रती मूडबिद्रीत होत्या. लोक त्यांचं दर्शन घ्यायचे, वाचायला मिळायच्या नाहीत. त्यांच्या नकला बाहेर यायला कित्येक वर्षं गेली. १९३९ साली डॉ. हिरालाल जैन यांनी अमरावतीहून पहिला खंड छापून काढला, तेव्हा कुठे माझ्यासारख्या घरात तो ग्रंथ येण्याची शक्यता तयार झाली. दर्शनाचा ग्रंथ आणि वाचायचा ग्रंथ यात फरक आहे.

म्हणून सूनबाईंच्या कॉलेजातल्या एका ज्येष्ठ सरांबद्दल ऐकलं तेव्हा मला वाईट वाटलं. त्यांचं म्हणणं, "मी नोट्स गुगल क्लासरूमवर टाकल्या तर माझ्या तासाला कोण येणार?" तत्त्वार्थसूत्रात ज्ञानावरण कर्म कशानं बांधलं जातं याची यादी आहे. त्यात मात्सर्य आहे, म्हणजे देण्यासारखं ज्ञान असून दुसरा बरोबरीला येईल म्हणून न देणं. सरांना हे कोण सांगणार? सूनबाई तर नाहीच सांगणार, त्यांना तिथं नोकरी करायची आहे.

आता दुसरी बाजू. त्याच तत्त्वार्थसूत्रात स्वाध्यायाचे पाच प्रकार आहेत, वाचना, पृच्छना, अनुप्रेक्षा, आम्नाय आणि धर्मोपदेश. वाचणं, विचारणं, मनात घोळवणं, पुन्हा पुन्हा म्हणणं आणि दुसऱ्याला सांगणं. माझ्या कोर्सकडे या पाच खिडक्यांतून पाहिलं. वाचना भरपूर. आम्नायाला तर तोड नाही, घसाऱ्याचा धडा मी चार वेळा ऐकला, दोनदा पोळ्या लाटताना. कुठल्या सरांनी मला चार वेळा सांगितलं असतं? पण पृच्छना? व्हिडिओला मी विचारलं तर तो थांबतो, उत्तर देत नाही. चर्चेची जागा होती, तिथं मी एक प्रश्न टाकला. तीन दिवसांनी उत्तर आलं, तोवर मी पुढच्या धड्यात होते. आणि दुसऱ्याला सांगणं तर नाहीच. नातीला मी शिकवलं असतं तर मला आलं असतं. त्याऐवजी मी तिच्याकडून उत्तरं घेतली.

पण वेबवर पृच्छना होऊच शकत नाही असंही नाही. सूनबाईंनी यंदा एक साधी गोष्ट केली. गुगलचा एक फॉर्म बनवला, त्यात एकच रकाना, 'तुम्हाला काय कळलं नाही?' नाव लिहायचं नाही, ईमेल घेतला जात नाही. वर्गात "काही शंका?" असं विचारलं की साठ माना खाली जातात. त्या फॉर्मवर पहिल्या आठवड्यात एकेचाळीस शंका आल्या. मी त्या पाहिल्या आहेत. एकानं की एकीनं लिहिलं होतं, "मॅडम, डेबिट म्हणजे नक्की काय ते मला अकरावीपासून कळलेलं नाही. आता विचारायची लाज वाटते." चार वर्षं! चार वर्षं ते पोर डावी-उजवी बाजू पाठ करून पास होत आलं. सूनबाईंनी पुढचा सगळा तास फक्त डेबिट-क्रेडिटवर घेतला, आणि त्या सांगतात की मागच्या बाकांवरची मुलं पहिल्यांदा फळ्याकडे बघत होती. त्या फॉर्मला खर्च शून्य आला.

मूडल नावाची एक व्यवस्था पुष्कळ कॉलेजांत असते, शिकवायचं सगळं सामान एका जागी ठेवायची. ती मार्टिन डुगियामास या ऑस्ट्रेलियन माणसानं बनवली, २००२ साली पहिल्यांदा बाहेर आली आणि ती कुणालाही फुकट घेता येते. तो लहानपणी वाळवंटातल्या दूरच्या वस्तीत राहायचा आणि त्याची शाळा रेडिओवर भरायची. म्हणजे शिक्षक लांब असण्याचं दुःख त्यानं सोसलेलं होतं. आपल्या कॉलेजांत मात्र मूडलचा उपयोग पुष्कळदा फाइली ठेवायची खुंटी म्हणून होतो. तपासणी समिती यायची असली की त्यावरची धूळ झाडायची.

आणि एक धोक्याची गोष्ट. फुकट मिळतं ते कायम राहीलच असं नाही. सूनबाई दोन वर्षं एका फुकटच्या ऑनलाइन फळ्यावर शिकवत होत्या. कंपनीनं तो बंद केला. आधी कळवलं होतं म्हणे, पण त्या मेलकडे लक्ष गेलं नाही आणि काढलेल्या आकृत्या गेल्या. लोणच्याची एक बरणी आपण वेगळी काढून ठेवतो की नाही? तसं आपण तयार केलेलं आपल्या पेन ड्राइव्हवर ठेवावं, बस.

आता मूळ दुखण्याकडे येते. २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आलं आणि कॉलेजातला 'घरून लिहून आणा' हा प्रकारच खोटा झाला. सूनबाईंकडे गठ्ठे यायचे, भाषा एकसारखी, इंग्रजी इतकं सफाईदार की वर्गात ज्याला वाक्य जुळवता येत नाही त्याच्या नावावर चार पानं. काय करावं? काही प्राध्यापक पकडणारं सॉफ्टवेअर लावतात. ते कधी खऱ्या मुलालाच चोर ठरवतं. काहींनी बंदीच घातली, ती कुणी पाळत नाही. काहींनी डोळे मिटले आणि सरसकट गुण दिले. हा तिसरा मार्ग सगळ्यांत वाईट, पण सगळ्यांत सोपा. शिवाय २०२१ च्या यू.जी.सी.च्या नियमांनुसार एका सत्रातल्या ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम स्वयम्‌वरून करून त्याचं श्रेय घेता येतं. चांगली सोय आहे. पण माझे चोवीस कसे आले ते आठवलं की मला काळजी वाटते. केंद्रावरची परीक्षा आहे म्हणून मी तरी पकडली गेले.

मात्सर्य ज्या यादीत आहे त्याच यादीत निह्नव आहे. ज्याच्याकडून शिकलो त्याचं नाव लपवणं. आपण हे गुरूंपुरतं समजतो. मला वाटतं, यंत्राकडून लिहून घेऊन स्वतःचं नाव घालणं हा निह्नवच, आणि यूट्यूबवरून दुसऱ्याचा तक्ता उचलून आपला म्हणून वर्गात दाखवणारे शिक्षकही त्यात आले. मी हे सूनबाईंना बोलून दाखवलं. त्यांनी धर्माचं नाव न घेता ते वर्गात आणलं. प्रत्येक उत्तराखाली एक ओळ लिहायची, 'कोणाला विचारलं?' त्यावर शिक्षा नाही, गुण कापायचे नाहीत, फक्त खरं लिहायचं. पहिल्यांदा सगळ्यांनी 'कुणालाच नाही' लिहिलं. महिनाभरात लिहायला लागली, 'चॅटजीपीटी दोनदा, मामा एकदा.' एकानं लिहिलं, 'रूमपार्टनरचं पाहिलं, त्यानं चॅटजीपीटीचं पाहिलं.' हसू आलं, पण यात निदान खोटं नाही.

फक्त एवढ्यानं शिकणं होत नाही. तिथं मला श्रुतपंचमीची कथा आठवते. गिरनारच्या गुहेत राहणाऱ्या धरसेन आचार्यांना काळजी पडली की आपल्याबरोबर हे ज्ञान जाईल. दक्षिणेतून दोन साधू बोलावले. पण आल्याआल्या शिकवायला घेतलं नाही. आधी दोघांना एकेक मंत्र दिला, सिद्ध करून आणा म्हणाले. एकाच्या मंत्रात एक अक्षर मुद्दाम जास्त घातलेलं, दुसऱ्याच्या मंत्रात एक कमी. मंत्र सिद्ध झाल्यावर देवी आल्या त्या व्यंग असलेल्या, एकीचे दात पुढे, दुसरीला एकच डोळा. देवतेला व्यंग नसतं, म्हणजे चूक मंत्रात आहे, हे दोघांनी ओळखलं, स्वतः अक्षर दुरुस्त केलं आणि पुन्हा साधना केली. मग आचार्यांनी शिकवलं. तेच पुष्पदंत आणि भूतबली, ज्यांच्यामुळे षट्खंडागम लिहिला गेला.

लहानपणी पाठशाळेत मला ही कथा देवीच्या दातांमुळे आवडायची. आता वाटतं, याहून चांगली परीक्षा कुणी काढली नसेल. पाठांतर तपासलं नाही, उत्तर मागितलं नाही. चुकीची गोष्ट हातात दिली आणि बघितलं, ओळखता येते का.

सूनबाईंनी दिवाळीनंतर तेच केलं. बँक जुळवणी पत्रकाचं एक गणित यंत्राला सोडवायला दिलं, उत्तर छापलं आणि वर्गात वाटलं. मोबाइल टेबलावर, वही बंद. यात एक चूक आहे, शोधा आणि ती चूक का आहे ते दोन ओळींत मराठीत किंवा इंग्रजीत लिहा. (चूक त्या मुद्दाम पेरतात. कधीकधी पेरावी लागत नाही म्हणाल्या.) रोख पुस्तकाप्रमाणे बँकेत १८,५०० रुपये. दिलेले पण बँकेत न वटलेले चेक ३,२००. भरलेला पण जमा न झालेला चेक २,०००. बँकेनं कापलेले १५०. पासबुकाची शिल्लक किती? छापलेल्या कागदावर १३,१५० होती. खरी १९,५५० यायला हवी. न वटलेले ३,२०० मिळवायचे होते, तिथं वजा केले होते.

साठांपैकी अकरा जणांना सापडलं. त्यात एक मुलगी, एरवी काठावर पास होणारी. तिनं कारण लिहिलं होतं, "आमचं खताचं दुकान आहे. कंपनीला चेक दिला तरी ते भरत नाहीत तोवर पैसे आमच्या खात्यात दिसतात." मिळवायचं की वजा करायचं हे तिनं पाठ केलेलं नव्हतं, तिनं वडिलांना पासबुक बघताना पाहिलं होतं. बाकीच्या एकोणपन्नास जणांचे गठ्ठे याआधी किती सुबक यायचे!

माझ्या मते कॉलेजांनी आता हेच करावं. व्याख्यान वेबवर राहू दे, चांगल्यात चांगलं, मराठीत असेल तर सोन्याहून पिवळं. मुलांनी ते घरी चार वेळा ऐकावं. ज्यांच्या घरात चौघांत एक मोबाइल आहे त्यांच्यासाठी कॉलेजची लॅब संध्याकाळी उघडी ठेवावी, तिला कुलूप लावून ठेवण्यात काय हशील आहे? आणि तासाचा वेळ मात्र विचारण्यासाठी आणि चूक शोधण्यासाठी राखावा. सूनबाई म्हणतात, "आई, बोलायला सोपं आहे. साठ मुलांचं असं तपासायला रविवार जातो." खरं आहे. तिचे रविवार जातात ते मी बघते, चहाचा कप गार होतो. प्राध्यापकांना याचा वेळ मिळायला हवा. पण आधीचे रविवार ती यंत्रानं लिहिलेलं वाचण्यात घालवत होती, ते तर निव्वळ पाण्यात.

नातीशी माझं बोलणं झालं. मी तिला रागावले नाही, कोणत्या तोंडानं रागावणार? फक्त माझा निकाल दाखवला. ती आधी हसली, मग म्हणाली, "आज्जी, माझेबी असंच झालंय एका विषयाला. घरी सांगू नको." सांगितलेलं नाही. इथं तिचं नाव नाही, आणि तिच्या घरचे हे वाचत नाहीत.

जानेवारीच्या सत्रात मी पुन्हा नाव नोंदवलं आहे, पुन्हा हजार रुपये भरणार. यजमान म्हणाले, "आणखी हजार?" म्हटलं, साडी नको यंदा. टेलिग्रामचा तो ग्रुप सोडला. दुपारी चार ते पाच नात आणि मी जेवणाच्या टेबलावर बसतो, सूर्यास्ताआधीच्या जेवणाची तयारी व्हायच्या आत. एक आठवडा ती मला शिकवते, एक आठवडा मी तिला. काल पहिल्या आठवड्याचे प्रश्न भरले. दहापैकी सात आले, त्यातही एक चुकलं ते मिळवायचं तिथं वजा केल्यामुळे. वहीत खाली ओळ लिहिली आहे. कोणाला विचारलं? नातीला, दोनदा.